ब्रेक सोडला तरी गाडी सुटत नव्हती

पन्हाळ्यावरून वाघबीळला उतरलो आणि केर्लीच्या अलीकडं गाडी जड लागायला लागली. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की एरवी ती स्वतःच्या ओघात बरीच पुढं जाते. त्या दिवशी पाय काढला की लगेच मंदावत होती. ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल नेहमीपेक्षा वर आलेलं आणि दगडासारखं कडक. थोड्याच वेळात जळका वास आला. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीसमोर, हलक्या उतारावर गाडी घेतली. न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला. उतार असूनही गाडी जागची हलली नाही.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म, माझ्याकडची २००२ ची. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरची बॉडी, उघडं छत आणि रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. आपल्याकडं स्पोर्ट्स कार म्हणून जे थोडं काही तयार झालं, त्यातली ही एक. कॉलेजात असताना कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला एक लाल स्टॉर्म बघितली होती, तेव्हापासून ती डोक्यातून गेली नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी हातात आली, म्हणून हिच्यावर माझा जीव आहे.

टपरीवरच्या एका पोरानं चाकातून निघणारा धूर बघितला आणि पाण्याची बादली घेऊन धावत आला. त्याला हात आडवा करून थांबवलं. मी शिरोलीत फौंड्रीत काम करतो. चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क म्हणजे बिडाचं कास्टिंग. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते वाकडं होतं, नाहीतर त्याला तडा जातो. तडा गेलेली डिस्क पुढच्या उतारावर काय करेल, त्याचा विचार नको. दोन चहा प्यालो, वीसेक मिनिटं गेली. मग हँडब्रेक सोडला तर गाडी आपोआप सुटली, जणू काही झालंच नव्हतं.

ही गोष्ट तेव्हाच नीट लक्षात घ्यायला हवी होती. तापल्यावर धरतो, गार झाल्यावर सोडतो. सगळं उत्तर याच वाक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला दाखवली. "कॅलिपर जाम हायत, दुसरं काय नसतंय," असं निदान झालं. कॅलिपर म्हणजे डिस्कवर ब्रेकचे पॅड आवळणारा चिमटा. दोन्ही पुढचे कॅलिपर उघडले, पिस्टन साफ केले, नवी सील किट आणि नवे पॅड बसवले. काम वाईट केलं असं मी म्हणणार नाही, पिस्टन खरोखर गुळगुळीत चालत होते. पण दहा-बारा दिवसांनी जोतिबाला जाऊन येताना पुन्हा तेच. आता मास्टर सिलिंडर बदलून बघू, असं ठरत होतं. तिथं मी थांबलो. या गाडीचे पार्ट दुकानात जाऊन मागितले आणि मिळाले, असं होत नाही. मापं जुळवत फिरावं लागतं. एकेक पार्ट बदलत बसायचं आणि कधीतरी खरा दोष हाती लागेल अशी आशा धरायची, हे ब्रेकच्या बाबतीत मला पटत नाही. दाब कुठं अडकलाय ते आधी कळायला पाहिजे.

ब्रेकमध्ये दाब अडकतो म्हणजे काय, ते सांगतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल पुढं ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतात. पेडल सोडलं की पिस्टन पूर्ण मागं येतो आणि वरच्या टाकीकडं जाणारं एक बारीक छिद्र उघडं होतं. सुईच्या टोकाएवढं असतं, पण काम मोठं करतं. उतारावर ऑइल तापून फुगतं, ते जादाचं ऑइल या छिद्रातून टाकीत परत जातं. पिस्टन एखादा मिलिमीटर जरी पुढं राहिला, तरी छिद्र झाकलेलं राहतं. मग फुगलेल्या ऑइलला वाट नाही. ते पॅडला ढकलतं, पॅड घासतात, उष्णता वाढते, ऑइल आणखी फुगतं. गाडी थांबून गार झाली की ऑइल आकसतं आणि चाक सुटतं. केर्लीला झालं ते हुबेहूब हेच. पण दुसऱ्या जागीही दाब अडकू शकतो: चाकाजवळच्या रबरी होजमध्ये, नाहीतर खुद्द कॅलिपरात. तपासायची ती या तीन जागांतली कुठली आहे हे.

रविवारी सकाळी फौंड्रीतली, लांबूनच तापमान मोजणारी टेंपरेचर गन घरी आणली. गाडी घेऊन विद्यापीठाच्या बाजूनं शेंडापार्ककडं निघालो आणि मुद्दाम ब्रेक लावत, सोडत फिरलो. पेडल वर यायला लागलं तसा सरळ घर गाठलं. चारही चाकांवर गन धरली. इथं एक गोष्ट जपावी लागते. डिस्कचा घासलेला भाग आरशासारखा चकचकीत असतो आणि चकचकीत धातूवर ही गन खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवते. म्हणून डिस्कच्या मधल्या गंजलेल्या टोपीवर नेम धरला. मागची दोन्ही चाकं साठ अंशांच्या आसपास. पुढचं डावं १६८, पुढचं उजवं २११.

हे आकडे बघून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. पुढची दोन्ही चाकं तापलीत, म्हणजे दोन्हींचं कारण एकच असणार आणि ते दोघांच्या आधी, वर कुठंतरी असणार. दोन्ही कॅलिपर एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं बिघडायचे नाहीत. पण मग उजव्याला चाळीसेक डिग्री जास्त का? डाव्याला नसलेलं काहीतरी उजव्याला आहे. एक नाही, दोन दोष आहेत, असा संशय तिथंच आला.

गार व्हायच्या आत काम उरकायचं होतं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून गाडी उचलून दोन स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीजवळ मी हातसुद्धा नेत नाही. दोन्ही पुढची चाकं हातानं फिरत नव्हती. नववीतली लेक बाहेर येऊन उभी राहिली होती, तिला डाव्या चाकाशी बसवलं आणि सांगितलं, "फिरवायचा प्रयत्न करत राहा, सुटलं की हाक मार."

पहिली पायरी अशी घेतली की एकही पाइप उघडावा लागू नये. मास्टर सिलिंडर ज्या दोन नटांवर बसवलेला असतो ते सैल केले आणि पाइपांना ताण बसणार नाही इतपत, दोन-तीन मिलिमीटर, सिलिंडर पुढं ओढला. यानं काय होतं, तर मागून पिस्टनला ढकलणारा दांडा असेल तर त्याचा रेटा निघतो. टाकीचं झाकण काढून टॉर्च धरला होता. सिलिंडर सरकला आणि टाकीतल्या काळपट ऑइलवर बारीकसा भोवरा उठला. खालून ऑइल वर येत होतं! तेवढ्यात लेक ओरडली, "पप्पा, सुटलं!"

म्हणजे मास्टर सिलिंडर निर्दोष. छिद्र तुंबलेलं नव्हतं, ते झाकलं जात होतं. पेडलच पूर्ण मागं येत नव्हतं.

उजवं चाक मात्र अजून तसंच घट्ट. आता तिथं पायरीपायरीनं खाली आलो. लोखंडी पाइप जिथं रबरी होजला जोडला जातो, तो नट सैल केला. दोन थेंब आले, चाक घट्टच. नट आवळला. मग कॅलिपरच्या निपलला, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडलं आणि निपल पाव फेरा उघडला. ऑइलची चिळकांडी नळीतून उडाली आणि चाक हातात मोकळं फिरलं. होजच्या वर दाब नाही, होजच्या खाली आहे. मधे फक्त तो वीतभर रबराचा तुकडा.

जुनी होज आतून फुगते. बाहेरून ती छान दिसते, एक चीरसुद्धा नसते. पेडलचा जोर मोठा असतो, तो ऑइलला त्या अरुंद वाटेतून पलीकडं नेतो, पण परत यायला मागून तसा जोर नसतो, म्हणून ऑइल तिकडंच राहतं. नंतर ती होज मी ब्लेडनं उभी चिरून बघितली. आतलं अस्तर सुजून मधली वाट जेमतेम एखादा दोरा जाईल एवढी उरली होती. कॅलिपर खोलून साफ करूनही गाडी का सुधारली नाही, ते त्या चिरलेल्या रबरात स्पष्ट दिसत होतं.

राहिला पेडलचा प्रश्न. सीट मागं सरकवून, डोकं खाली घालून, उताणा पडून डॅशबोर्डखाली शिरलो. पेडलच्या दांड्याच्या मागं ब्रेक लाइटचा स्विच असतो. पेडल परत आलं की दांडा त्या स्विचची पिन दाबतो आणि मागचे दिवे विझतात. दांड्यावर जिथं ही पिन टेकते तिथं एक रबरी बटण बसवलेलं असतं. इथं बटण नव्हतंच, रिकामं भोक होतं. स्विच आटे फिरवत इतका आत घेतला होता की त्याच्या बॉडीवरच दांडा अडत होता. पेडल हातानं मागं ओढून बघितलं, केसाएवढीही ढील नाही.

आता सगळं आठवलं. दिवाळीत ब्रेक लाइट विझत नव्हते, सकाळी बॅटरी उतरलेली असायची. एका इलेक्ट्रिशियननं पाच मिनिटांत ते दुरुस्त करून दिलं होतं. बटण झिजून तुटल्यामुळं पिन भोकात शिरत होती, दिवे चालू राहत होते, आणि त्यावर उपाय म्हणून स्विच आत घेतला गेला. दिवे विझले खरे, पण तेव्हापासून पेडल कायम थोडं दाबलेलं राहिलं. त्याच सुमारास मॅट झाडताना काळ्या रबराचे चुरचुरीत कण मिळाले होते. मी ते बुटाची घाण समजून झाडून टाकले होते. ते त्या बटणाचे तुकडे होते.

सोमवारी संध्याकाळी शिवाजी उद्यमनगरात गेलो. लेथवाल्या काकांना दांड्याच्या भोकाचं माप दिलं. "रबर कशाला, परत चुरा हुईल. नायलॉनचं करतो," म्हणाले आणि माझ्यासमोर पांढऱ्या रॉडचा तुकडा लावून खाच असलेलं बटण उतरवून दिलं. करंगळीच्या नखाएवढी वस्तू. उद्यमनगरात अजूनही मापावरून वस्तू उभी करून देणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्या चालतात. मला त्यांचा फार आदर वाटतो. होज जुळवायला जास्त वेळ लागला. दोन्ही टोकांचे आटे, लांबी, सगळं जुनी होज हातात धरूनच बघितलं. बसवल्यावर स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून आणि चाक लोंबकळतं ठेवून ती कुठं ताणली किंवा घासली जात नाही ना, ते तपासलं. डाव्या बाजूची चांगली होती तरी तीही बदलली, दोघींचं वय एकच.

ऑइल सगळं नवं, डॉट ४ दर्जाचं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्यानं त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. कोरडं असताना डॉट ४ चा किमान २३० अंश, ओल शोषल्यावर १५५ पर्यंत उतरलेला चालतो असं मानक आहे. माझ्या उजव्या चाकाचा आकडा २११ होता, हे लक्षात घ्या. डिस्कची सगळी उष्णता ऑइलपर्यंत जात नाही, पण पावसाळे खाल्लेलं काळं ऑइल उतारावर उकळलं असतं तर वाफ झाली असती, आणि तेव्हा पेडल कडक न होता थेट तळाला गेलं असतं. या विचारानं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पाइपांत शिरलेली हवा काढायला लेक पेडलवर. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. "दाब. धरून ठेव." निपल उघडायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, बंद करायचं. "आता सोड." निपल उघडं असताना पेडल सोडलं की हवा परत आत जाते, हे तिला एकदाच सांगावं लागलं. टाकीभोवती ओली फडकी अंथरली होती, कारण ब्रेक ऑइल रंग खातं आणि फायबरच्या बॉडीवरचा रंग परत जुळवणं अवघड. शेवटी स्विच मागं घेतला, पेडलला थोडी ढील येईल आणि दिवेही वेळेवर विझतील अशा जागी लॉकनट आवळला.

पुढच्या रविवारी दोघं पन्हाळ्याला गेलो. उतरताना दुसऱ्या गिअरवर, पण नेहमीपेक्षा जरा जास्तच ब्रेक वापरत आलो. पेडल जिथल्या तिथं. केर्लीच्या अलीकडं त्याच टपरीसमोर थांबून तिनं गन धरली आणि आकडे वाचले: डावं ९४, उजवं ९७. चहा झाला. गाडीत बसलो, न्यूट्रल केली, हँडब्रेक खाली सोडला, आणि इंजिन चालू करायच्या आधीच स्टॉर्म उतारावर हळूच पुढं सरकली.