ट्रॅक्टरची डिझेल टाकी: धुणं सोपं, डाग लावून घेणं अवघड

टाकी उतरवणं, धुणं, परत बसवणं ही घरच्या घरी होणारी कामं. माझं घोडं अडलं ते बुडाशी, टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्याखाली पडलेल्या टाचणीएवढ्या भोकापाशी. तालुक्याला वेल्डिंगची दुकानं हवी तेवढी आहेत, पण डिझेलची टाकी पुढे केली की एक म्हणतो "नको बाबा", दुसरा म्हणतो "ठेवून जा, बघू". लगेच तयार झालेला गडी म्हणाला, "पेट्रोलनं खळबळून आणा, मग मारतो वेल्डिंग." असं कुणी म्हणालं की टाकी उचलायची आणि चालू लागायचं. जीव घेते ती टाकीत कोंडलेली वाफ, आणि पेट्रोल त्यात भरच घालतं. टाकी वर्षभर रिकामी पडलेली असली तरी सांध्यात आणि गंजाच्या पापुद्र्याखाली डिझेल असतंच. आच लागली की त्याची वाफ होते.

हे काम रेडिएटरवाल्याचं. त्याच्या हाताला पातळ पत्र्याची आणि डागाची, म्हणजे कथील-शिसं वितळवून सांधण्याची, सवय असते. आर्क वेल्डिंगने गंजून कागद झालेला पत्रा जळतो आणि टाचणीचं भोक रुपयाएवढं होतं. गॅसवर पितळ लावणारा कारागीर चांगला असला तरी आच पसरून शेजारचा कंपनीचा सांधा सुटू शकतो.

रेडिएटरवाल्याकडेही टाकी तयार करूनच न्यावी. २० लिटर कढत पाण्यात अर्धा किलो धुण्याचा सोडा घालून टाकी भरपूर हलवायची, ओतायची, पुन्हा तेच करायचं, मग साधं पाणी फिरवायचं. एवढं करूनही डाग देताना टाकी पाण्याने भरलेली हवी. भोक बुडाला असल्याने टाकी उलटी ठेवावी लागते, म्हणजे झाकण खाली येतं. झाकणाखाली ट्यूबचा तुकडा घालून ते घट्ट लावायचं आणि कॉक (बुडाशी असलेली डिझेलची तोटी) काढलेलं भोक उघडं ठेवायचं, म्हणजे तापलेली हवा तिथून निघून जाते. पाणी भोकाच्या दोन बोटं खाली राहील इतकंच भरा. पत्र्याला पाणी टेकलं तर सगळी आच तेच ओढून घेतं, डाग वाहत नाही, नुसते गोळे होतात. मग कारागीर वैतागतो आणि पाणीच काढा म्हणतो. काढायचं नाही.

पहिला डाग आठवड्यात पाझरायला लागतो तो बहुतेक वेळा ठिगळ लहान घेतल्यामुळे. भोकाभोवतीचा पत्रा आतून खाल्लेला असतो. अणकुचीदार सळईने टोचत टोचत बाहेर सरकायचं आणि जिथे टोक रुतत नाही तिथून पुढे इंचभर पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासायचा. ठिगळ तिथपर्यंत गेलं पाहिजे. कोपरे गोल कापा. ठिगळाला आणि टाकीला आधी वेगवेगळा डागाचा पातळ थर चढवून मग दोन्ही एकावर एक तापवावेत. पत्रा २० गेजचा, साधा काळा. दुकानात जीआय पत्र्याचे तुकडे पायाशी पडलेले असतात, कारागिराचा हात आधी तिकडेच जातो. त्याला थांबवा. जस्ताची डिझेलशी क्रिया होऊन साबणासारखा चिकटा तयार होतो आणि तो फिल्टर, नोझलपर्यंत जातो. डागासाठी वापरलेलं मारलेलं (जस्त विरघळवलेलं) अ‍ॅसिड सोड्याच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवून टाकायला सांगा, नाहीतर ठिगळाच्या कडेने पुन्हा गंज धरतो.

गळती तपासताना कॉम्प्रेसर लावू देऊ नका, टाकी फुगते. सगळी तोंडं बंद करून, कॉकच्या जागी नळी लावून तोंडाने फुंकर मारायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. एवढ्या हवेवरही बुडबुडा दिसतो.

हे सगळं करण्याआधी आतला गंज काढलेला असावा, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. गंज निघाला की लपलेली भोकंही उघडी पडतात आणि एकाच खेपेत भागतं. २० लिटर पाण्यात १ किलो लिंबूसत्त्व घालून रात्रभर ठेवा, सोबत हात-दोन हात बारीक साखळी टाकून टाकी अधूनमधून हलवा. खडी टाकू नका, आतल्या आडव्या पत्र्यामागे अडकते. संडासाचं अ‍ॅसिड तर नकोच, ते चांगला पत्राही खातं. नंतर सोड्याचं पाणी, साधं पाणी, लगेच ब्लोअर आणि लगेच लिटरभर डिझेल आत फिरवायचं. ओली टाकी उन्हात ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत आत तांबूस झालेलं दिसेल.

नांगराला जोर लागला की ट्रॅक्टर दम सोडतो, बंद पडतो आणि थोड्या वेळाने काही न करता चालू होतो, तेव्हा गंजाचे पापुद्रे कॉकच्या जाळीवर येऊन बसत असतात. पण टाकी उतरवण्याआधी झाकण सैल करून बघा. "फुस्स" करून हवा आत गेली तर दोष झाकणाच्या बुजलेल्या छिद्राचा, तारेचं टोक घातलं की काम झालं.

पट्ट्याखाली जुनी नमद्याची पट्टी परत घालू नका, भोक तिच्यामुळेच पडलं. ती पावसाचं पाणी धरून ठेवते. ट्यूबची पट्टीही डिझेल लागून फुगते, नायट्राइल रबरची घ्या. कॉकच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, तिचे धागे फीड पंपात जातात. तांब्याचा वॉशर लाल तापवून पाण्यात बुडवला की मऊ होतो आणि पुन्हा वापरता येतो.

बसवल्यावर दोन्ही फिल्टर नवे घाला, हॅन्ड प्रायमरने (हाताने दाबायच्या पंपाने) डिझेलच्या नळीतली हवा काढा. पहिल्या ५० तासांत गाळ साठणाऱ्या काचेच्या वाटीत थोडा तांबूस गाळ येतोच, तो ओतून टाकायचा. पण वाटीच्या तळाला पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकीला दोष देऊ नका, डिझेलचे कॅन आणि टाकीच्या झाकणाचं पॅकिंग तपासा.