हबमधली वाळू

आज सकाळी कोथरूडला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्राची सायकल धुतली. गडी कच्छपासून सुंदरबनपर्यंत देशाचा किनारा पालथा घालून परवाच परतलाय. खाऱ्या हवेने चेन तांबूस, हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडलं तर आत वाळू!

"किती किलोमीटर रे?"
"कोणता किनारा धरू?"

खरंय. शाळेत ७,५१६ पाठ केला होता. खाड्या-वळणं बारकाईने मोजल्यावर तोच ११,०९८ निघाला. जमीन तीच, फूटपट्टी बारीक.

कोकणात म्हणे पायांपेक्षा फेरीबोटच कामी येते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. बोट चुकली की खाडीला हा एवढा वळसा!

मी? बोपदेव घाटातच धापा टाकतो. चेन साफ करताना हाताला लागलेला डिझेलचा वास मात्र अजून गेलेला नाही.