पॉइंट टेबलची पहिली ओळ आणि शेवटची ओळ

रविवार होता, 30 एप्रिल 2017. मी तेव्हा मुंबईत एका मराठी दैनिकाच्या स्पोर्ट्स डेस्कला होतो, पेपरचं नाव नको. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, म्हणजे 1 मेच्या अंकाला जाहिराती रग्गड, आणि जाहिराती वाढल्या की पहिली कात्री खेळाच्या पानाला लागते हे डेस्कवर काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यात आयपीएल ऐन भरात. स्कोअरबोर्ड, फोटो, चौकटी सगळं लावून जी जागा उरेल त्यात बाकीची दुनिया बसवायची. माझ्या डमीवर, म्हणजे पानाच्या कच्च्या आराखड्यावर, आय-लीगला सिंगल कॉलम होता, दहा सेंटिमीटर. देशाचा फुटबॉल चॅम्पियन कोण हे त्या दिवशी ठरणार होतं आणि त्याला जागा दहा सेंटिमीटर.

मी साहेबांना म्हटलं, सर, आज ऐझॉल जिंकू शकतं, थोडी जागा ठेवा. ते म्हणाले, अरे ऐझॉल कुठंय ते आपल्या किती वाचकांना माहितीय? त्यांचंही चुकत नव्हतं एका अर्थी, पण मला ते लागलं. कारण माझ्यासाठी ती मिझोरामची बातमी नव्हतीच, ती आमच्या कूपरेजची, मुंबईच्या फुटबॉल मैदानाची बातमी होती.

कसं ते सांगतो. ऐझॉल एफसीचा कोच होता खालिद जमील. भारताकडून खेळलेला मिडफिल्डर, जन्म कुवेतचा पण फुटबॉल सगळं मुंबईत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. महिंद्राने 2005-06 ची नॅशनल लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची देशाची लीग, जिंकली ती आमच्या कॉलेजच्या वयातली गोष्ट, तेव्हा कोच डेरिक परेरा, गोव्याचे, तेही भारताकडून डिफेन्सला खेळलेले. मुंबईच्या टीमने देशाची लीग जिंकली होती हे आता कुणाला सांगितलं तर पटत नाही. 2010 मध्ये महिंद्राने टीमच बंद केली. मग आय-लीगमध्ये एअर इंडिया, ओएनजीसी आणि मुंबई एफसी, आणि 2013 पासून नुसती मुंबई एफसी.

खालिद त्या मुंबई एफसीचा कोच झाला 2009 ला, वय 32. दुखापतींनी खेळणं लवकर थांबलं आणि ज्या ड्रेसिंग रूममध्ये काल बूट काढत होता तिथंच आज टीम सांगायला उभा राहिला. सात सीझन काढले त्याने तिथे. कूपरेजचं काम चालू होतं तेव्हा घरच्या मॅचेससुद्धा पुण्याला बालेवाडीत व्हायच्या, मुंबईची टीम आणि होम ग्राउंड पुण्यात, मी सकाळची गाडी पकडून जायचो आणि रात्री परत यायचो, कॉपी गाडीतच लिहायची. प्रेक्षक मोजके, आणि त्यातले पिवळे शर्ट घातलेले पोरगे मुंबईहून आलेले. नंतर कूपरेजला आर्टिफिशियल टर्फ आलं, त्याचे ते काळे रबराचे दाणे मॅचनंतर मैदानावर जाऊन कोट घेतले की मोज्यात शिरायचे, घरी गेलं की बाथरूमभर सांडायचे, आई वैतागायची.

आणि मी काय लिहायचो? मी लिहायचो की मुंबई पुन्हा बरोबरीत. पुन्हा ड्रॉ. एकदा तर हेडिंगच दिलं होतं, "मुंबईची बरोबरीची सवय सुटेना". तेव्हा मला ते फार झकास वाटलं होतं. टीमचं बजेट कमी, परदेशी प्लेअर दुसऱ्यांनी नाकारलेले नाहीतर उतरत्या वयातले, समोर कोलकात्याचे आणि गोव्याचे पैसेवाले क्लब, आणि हा माणूस चार-चारच्या दोन लाइन लावून, फ्री किक-कॉर्नरसारख्या सेट पीसवर घासून घासून, सुटलेल्या बॉलसाठी पोरांना पळवून एकेक पॉइंट गोळा करायचा. लीगच्या खालच्या अर्ध्यात राहायची टीम, पण सात वर्षांत एकदाही खाली उतरली नाही. ते मला दिसत होतं पण मी मोजत नव्हतो. कंटाळवाणं फुटबॉल असं मी लिहिलं आणि मला वाटायचं मी वाचकांच्या बाजूने बोलतोय. 2016 मध्ये क्लबने त्याला सोडलं, तेव्हा आमच्याकडे चार ओळींची बातमी गेली, तीही मीच लावली होती.

मग तो ऐझॉलला गेला. ऐझॉल त्याआधीच्याच सीझनला रेलिगेट झालेलं, म्हणजे खालच्या लीगमध्ये उतरलेलं. गोव्याचे तीन क्लब, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, फुटबॉल फेडरेशनवर नाराज होऊन लीगमधून बाहेर पडले म्हणून ऐझॉलला परत घेतलं होतं. म्हणजे टीम काढून टाकलेली आणि कोचही काढून टाकलेला. सोबत मुंबईची पोरं गेली, जयेश राणे, आशुतोष मेहता, दोघंही मुंबई एफसीत त्याच्याच हाताखाली खेळलेले. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मिडफिल्डला सीरियाचा अल-आम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान. बाकी मिझो पोरं, जी धावायची थांबतच नाहीत.

आठवडाभर आधी, 22 एप्रिलला, ऐझॉलमध्ये त्यांनी कोलकात्याच्या मोहन बागानला 1-0 हरवलं होतं, 83व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टेचं हेडर. त्यामुळे शेवटच्या दिवशी हिशोब असा होता की ऐझॉलचे 36, बागानचे 33. ऐझॉलला शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग क्लबविरुद्ध एक पॉइंट पुरे, म्हणजे नुसती बरोबरी. हरले आणि तिकडे कोलकात्यात बागानने चेन्नई सिटीला हरवलं, तर कप कोलकात्याला.

एक पॉइंट. मला ऑफिसला जाताना लोकलमध्येच ते खटकलं होतं. बरोबरी पाहिजे होती त्याला.

दोन्ही मॅचेस एकाच वेळी सुरू. डेस्कवरच्या मोठ्या टीव्हीवर अर्थातच आयपीएल. मी शेजारच्या कॉम्प्युटरवर एका बाजूला शिलाँग, दुसऱ्या बाजूला एजन्सीचा वायर उघडून बसलो, मध्येच आयपीएलची कॉपी सोडत होतो. नवव्या मिनिटाला डिपांडाने लाजाँगसाठी गोल मारला. डिपांडा म्हणजे त्या सीझनचा टॉप स्कोअरर. माझ्या पोटात गोळा आला, खरं सांगतो, पत्रकाराने असं बाजूने व्हायचं नसतं हे माहीत असून. हाफटाइमपर्यंत 1-0. साहेब मागून आले, स्क्रीनकडे बघितलं, "हरतायत ना? मग बागान चॅम्पियन लाव, दोन पॅरा," म्हणून गेले. मी दोन पॅरे लिहून पण ठेवले. बागान चॅम्पियन. असं करावंच लागतं, दोन्ही कॉपी तयार ठेवायच्या, जी खरी होईल ती सोडायची.

सेकंड हाफला ऐझॉल सारखं वर येत होतं पण घाईगडबड नव्हती. मला कूपरेज आठवत होतं. एक गोल खाल्ला तरी शेप मोडायचा नाही, माणसं आपापल्या जागी, आणि मग कधीतरी एक चान्स येतो. कॅमेरा अधूनमधून लाइनवर उभ्या खालिदवर जायचा, तोच चेहरा, जो मी बालेवाडीत रिकाम्या स्टँडसमोर बघितला होता. बोलायला पहिल्यापासूनच कमी. मॅचनंतर दोन वाक्यं द्यायचा, आणि आम्हा लोकांना दोन वाक्यांत कॉपी भरत नाही म्हणून आम्ही त्याच्यावर चिडायचो.

67व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने मारला. 1-1.

मी खुर्चीतून उठलो. काही ओरडलो नाही, नुसता उठलो. आमचे पान लावणारे ऑपरेटर काका समोर बसायचे, त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, काय रे, विकेट? मी म्हटलं, काका, बरोबरी झाली. ते म्हणाले, मग एवढं काय. मी त्यांना सगळं सांगितलं, पुढची वीस-बावीस मिनिटं तेवढं एकच काम केलं, एका डोळ्याने मॅच आणि तोंडाने खालिद जमील, मुंबई एफसी, सात सीझन, माझं ते सवयीचं हेडिंग, सगळं. काकांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं पण पेपरमधलं सगळं कळत होतं, तीस वर्षं पानं लावलेला माणूस. ते हात थांबवून ऐकत होते आणि डेडलाइन जवळ आलेली असताना काका हात थांबवत नाहीत.

शिट्टी झाली. 1-1. तिकडे बागान 2-1 ने जिंकलेलं. ऐझॉल 37, बागान 36. ईशान्येतल्या क्लबने देशाची लीग जिंकायची ही पहिलीच वेळ. शिलाँगच्या स्टँडमध्ये ऐझॉलची माणसं, रडणारी, झेंडे, रस्त्याने तासन्‌तास प्रवास करून आलेली. मी बागानचे दोन पॅरे डिलीट केले आणि नवीन कॉपी लिहायला घेतली, ती आपोआप येत गेली, चारशे शब्द झाले तरी माझं लक्षच नव्हतं.

आता जागा. साहेब म्हणाले, दहा सेंटिमीटरात बसव. मी म्हटलं, सर, हा मुंबईचा कोच आहे, मुंबईने सोडलेला. ते गप्प झाले. तेवढ्यात काकांनी पॉइंट टेबल स्क्रीनवर आणलं. त्या सीझनला दहा टीम होत्या, दहा ओळी. काका वाचून दाखवत होते, नेहमीची सवय, आकडे तपासायला मोठ्याने वाचायचे. ऐझॉल, अठरा मॅच, अकरा विजय, चार बरोबरी, तीन पराभव, सदतीस. मग खाली खाली येत दहाव्या ओळीवर आले आणि थांबले. दहावी ओळ मुंबई एफसी. तळाला राहून त्याच सीझनला खाली गेलेली.

काका म्हणाले, हा पहिल्या ओळीतला माणूस गेल्या वर्षी या शेवटच्या ओळीत होता ना? मी म्हटलं, हो. मग त्यांनी साहेबांना हाक मारली, या जरा इकडे बघा, आणि काहीच न बोलता पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दहाव्या. साहेबांनी बघितलं. थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ती चौकट काढा खालची, तीन कॉलम द्या, टेबल पूर्ण घ्या, पहिले पाच नको, दहाच्या दहा ओळी.

हेडिंग मी दिलं, "एका बरोबरीने ऐझॉल चॅम्पियन". साहेब म्हणाले, "बरोबरीने" काढ, ढिसाळ वाटतं, विजेतेपदात बरोबरी कशाला. मी म्हटलं, सर, तो शब्द राहू द्या. का ते सांगितलं नाही. त्यांनी राहू दिला. टेबलमध्ये काकांनी दोन ओळी बोल्ड केल्या, कुणालाही न विचारता.

पान वेळेच्या सात मिनिटं उशिरा गेलं, त्याचं ऐकून घ्यावं लागलं, ते असो. घरी जाताना शेवटची लोकल मिळाली आणि दारात उभा राहून मी पहिल्यांदा नीट विचार केला की सात वर्षं मी जे मोजत नव्हतो ते नेमकं काय होतं. दर ड्रॉ म्हणजे एक पॉइंट, आणि मुंबईसारख्या टीमला तोच एक पॉइंट दुसऱ्या वर्षी लीगमध्ये ठेवतो. तो नसला की काय होतं ते दहाव्या ओळीत छापून आलं होतं. मुंबई एफसी त्यानंतर बंदच पडली. शहरातली पोरं, जी पिवळे शर्ट घालून बालेवाडीला यायची, त्यांची टीम राहिली नाही. त्या टीमवर मी एवढं लिहिलं पण ती कशाच्या जोरावर उभी आहे हे एकदाही लिहिलं नाही, हे मला अजूनही बोचतं.

नंतर मी पेपर सोडला, खालिद जमील पुढे जात राहिला. ईस्ट बंगाल, मोहन बागान, मग नॉर्थईस्ट युनायटेड, तिथे 2021 मध्ये सीझनच्या अधेमध्ये टीम हातात घेऊन प्लेऑफला नेली, आणि त्याच वर्षी आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, कायमस्वरूपी हेड कोच झालेला पहिला भारतीय. मग जमशेदपूर, 2025 ला सुपर कपची फायनल. ऑगस्ट 2025 मध्ये भारताचा कोच. 2012 पर्यंत कोच असलेल्या सावियो मदेरा यांच्यानंतर इतक्या वर्षांनी भारतीय माणूस. 8 सप्टेंबरला ओमानशी 1-1 करून पेनल्टीवर हरवलं, त्या रात्री मी काकांना फोन केला, ते रिटायर होऊन आता वसईला असतात. म्हटलं काका, तो टेबलवाला कोच आठवतो का. ते म्हणाले, पहिल्या ओळीवाला ना? आणि मला तो स्क्रीन, त्या दोन बोल्ड ओळी डोळ्यापुढे आल्या.

ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून गोव्यात फातोर्ड्याला 2-1 ने हरलो आणि 2027 च्या एशियन कपचं गणित संपलं. या वेळी काकांचाच फोन आला. टीव्हीवर ऐकलं होतं त्यांनी. "पॉइंट किती झाले रे आपले?" म्हटलं, चार मॅचमध्ये दोन. दोन्ही बरोबरीचे. "त्यातला त्याचा किती?" म्हटलं एक. तिकडे सिंगापूरला जाऊन, डिफेंडर झिंगनला रेड कार्ड, दहा जणांत जवळजवळ अख्खा सेकंड हाफ खेळून, नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने मारला तो.

काका म्हणाले, "मग तो लिहून ठेव."