वीतभर जागा

संगमरवरात अक्षर खोडता येत नाही. चुकलं तर अख्खी दर्शनी बाजू उतरवायची. कोरीव तीन मिलिमीटर खोल असेल तर चार मिलिमीटर घासायचं आणि मग पहिल्यापासून पॉलिश.

इंदुरात आमचं हे काम वडिलांपासूनचं. कॅथलिक फादरांच्या थडग्यांचे दगड मी बरेच केलेत, म्हणून त्यातलं आपल्याला कळतं असं धरून चाललो होतो. त्यावर तारखा तीन असतात: जन्म, दीक्षा, मृत्यू. नावामागे संघाची अक्षरं येतात, एस. जे. म्हणजे जेझुइट, तशी. ती डिग्री नव्हे, जागा पुरत नाही म्हणून गाळायची नसतात. आणि नाव दगडाच्या मधोमध घ्यायचं, कारण खाली दुसरं नाव येणार नसतं.

ही ऑर्डर ठेकेदारानं आणली. "फादरजींचा पत्थर आहे, मराठीत पाहिजे." दीक्षेची तारीख विचारली, तीही मिळाली. मी 'फादर' कोरलं, छिन्नीनं. वाळूच्या मशीनवर पोरं दिवसाला चार दगड काढतात, पण त्यांची वेलांटी इथून तिथून एकाच जाडीची. हाताची वेलांटी बारीक सुरू होते, वळणावर भरते.

दगड बसवण्याआधी घरचं माणूस येऊन बघतं. सत्तरीच्या काकू आल्या. चष्मा पुसून वाचलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ह्यांना फादर केलंत. मग बेचाळीस वर्षं मी कोण होते?"

मला कळलंच नाही. स्टुलावर बसून त्यांनीच समजावलं. कॅथलिक फादर लग्न करत नाहीत. काकूंचे यजमान चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे पाळक. सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन १९७० साली झालेलं हे चर्च. कागदोपत्री पद प्रेसबिटर, वर बिशप, खाली डीकन. रेव्हरंड हे पदच नव्हे, तो मान. कीर्तनकाराच्या नावाआधी ह.भ.प. लावतात तसा. कॅथलिक फादरांच्या नावाआधीही कागदावर तोच लागतो. बिशप झाले की कॅथलिकांत मोस्ट रेव्हरंड, काकूंच्या चर्चमध्ये राइट रेव्हरंड.

"रेव्हरंड टिळकांना कोणी फादर टिळक म्हणतं का?"

नाही म्हणत. फादर स्टीफन्स आणि रेव्हरंड टिळक, दोन्ही नावं मला शाळेपासून पाठ. शब्द दोन का, हे कधी मनात आलं नव्हतं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत.

ठेकेदार म्हणाला, "एकच बात आहे, बसवून टाका." वर्षानुवर्षं चर्चची कामं घेणाऱ्या माणसाला ही बेफिकिरी शोभत नाही. पण कोरलं मी होतं. विचारायला मी हवं होतं. घासायचा खर्च मी सोसला.

'रेव्ह.' आधी फरशीच्या तुकड्यावर कोरून बघितलं. 'व्ह'मध्ये व आणि ह यांच्या मधे सुतळीएवढी भिंत राहते. छिन्नी जरा तिरपी गेली की कपचा उडतो. दोन तुकडे गेले, तिसरा जमला.

आता प्रत्येक वेळी विचारतो, कोणतं चर्च, घरी कोण. शब्दावरून ठरवता येत नाही. नंतर केरळच्या ऑर्थोडॉक्स कुटुंबाचं काम आलं, त्यांच्यात दीक्षेआधी लग्न झालेलं असेल तर फादरही संसारी असतात. ब्रह्मचर्य बिशपांना.

घासलेल्या दगडावर नवा कागद लावून काकूंना बोलावलं. 'रेव्ह.' बघून त्यांनी मान हलवली. पण नाव मी सवयीनं मधोमधच घेतलं होतं. त्यांनी कागदाच्या खालच्या कडेला पंजा पसरून ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"एवढं मोकळं ठेवा. नाव वर सरकवा."

मी त्यांच्या करंगळीपाशी पेन्सिलीनं खूण केली आणि नाव वर घेतलं.