दोन इंचांचा घोळ

फीत लावून जनावराचं वजन काढणं हे माझं आवडतं प्रात्यक्षिक. खर्च काही नाही, शिंप्याकडची एक फीत पुरते, आणि पोरांना जादू केल्यासारखं वाटतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजायचा, मग खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. ६६० कुठून आलं, असं एकाने विचारलं होतं. मूळ हिशेब पौंडातला आहे, त्यात ३०० ने भागतात. किलो करायला आणखी २.२ ने भागावं लागतं, म्हणून ६६०.

मी काही पक्का मास्तर नाही. कृषी पदविका केली, घरी थोडं डाळिंब आणि पंधरा शेळ्या आहेत, आणि आठवड्यातून एक दिवस आटपाडी तालुक्यातल्या एका शाळेत निदेशक म्हणून जातो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी बसवलेला अभ्यासक्रम तिथे चालतो. आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य यांना वेगळे निदेशक आहेत. शेती-पशुपालन माझ्याकडे. पोरं सर म्हणतात, बाजारात मास्तर म्हणतात, आणि घरी ‘शेळ्या सोडल्या का’ एवढंच विचारतात.

तर गेल्या आखाडात मला वाटलं, पोरांना फीत घेऊन थेट बाजारात न्यावं. आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार शनिवारी भरतो. माणदेशात कौतुक सगळं खिलार बैलाचं, पण अडीनडीला दावणीतून सुटते ती शेळीच. त्यात आखाड म्हणजे बोकडाला भाव. पुढे श्रावण लागला की गिऱ्हाईक नाही, त्यामुळे ज्याला विकायचं तो याच तीन-चार शनिवारांत विकतो. शनिवारी शाळा सकाळची असते. हेडसरांना विनंती केली, ‘दहापर्यंत परत आणा’ म्हणाले.

चौदा पोरं, दोन फिती, एक वही. पोचलो तेव्हा उजाडलंच होतं, पण बाजार आधीच तापला होता. कुठे दात बघणं चाललेलं, कुठे टॉवेलाखाली दोघांची बोटं भाव बोलत होती आणि तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. पोरांना आधी दात दाखवले. शेळीला वरचे पुढचे दात नसतातच, त्यामुळे वय बघायचं ते खालच्या जबड्यात. दोन मोठे दात आले की दोनदाती, म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाचं. आठ पूर्ण झाले की जुळलं, म्हणजे पूर्ण वाढीचं.

तेवढ्यात नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, हा आमचाच बोकड.’’

काळाभोर उस्मानाबादी, दोनदाती, अंगावर चकाकी. दोरी धरून तिचा आजा उभा. बाजरीच्या बी-खतासाठी विकायला आणलेला. मला हे ठाऊक नव्हतं, पण मनात आलं, याहून चांगला धडा कुठला! स्वतःच्या बोकडाचं वजन स्वतः काढायचं आणि मग व्यापारी काय म्हणतो ते बघायचं. बघे जमायला लागले तसा मलाही जोर चढला. मी सूत्र मोठ्याने समजावून सांगू लागलो. एका पोराने शिंगं धरली, हिने फीत घातली. बोकड नाचत होता. ती ओरडली, ‘‘घेर ३०, लांबी २६!’’ वहीत गुणाकार झाला, २३,४००. भागाकार झाला. साडेपस्तीस किलो.

‘‘मास्तर, एवढं भरत न्हाई ते,’’ मागून आवाज आला. या बाजारातला जुना व्यापारी. सगळे त्याला बापू म्हणतात. ‘‘तीस. लई तर वर अर्धा.’’

‘‘बापू, हिशेब आहे हा,’’ मी म्हणालो. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

बापूंनी हिशेबाला काही उत्तर दिलं नाही. बोकडाजवळ गेले, बरगड्या संपतात तिथे कमरेच्या मणक्यावर तीन बोटं दाबली, थोडी सरकवली. मणक्याची टोकं बोटाला किती टोचतात, बाजूला मांस किती भरलंय, हे बघत होते. हेच मी वर्गात ‘शरीरस्थिती गुणांकन’ म्हणून फळ्यावर लिहून शिकवलेलं, एक ते पाच गुण वगैरे. मग त्यांनी डाव्या कुशीत मूठ हलकी दाबून सोडली. आतून डुबुक आवाज आला. तो मीही ऐकला, पोरांनीही.

‘‘काट्यावं घाला,’’ बापू म्हणाले.

शेजारच्या एकाकडे लटकवायचा काटा होता. पोत्याची झोळी करून बोकड टांगला. काटा तेहतीसच्या जरा अलीकडे थांबला. पोरं गोंधळली. सरांचे साडेपस्तीस, बापूंचे तीस, आणि काटा दोघांच्या मधेच. एक जण हळूच म्हणाला, ‘‘म्हणजे दोघंबी नापास.’’

बापू हसले. ‘‘त्यातलं दोन-अडीच किलो पानी हाय. रातच्याला मीठ चाटवलं की पहाटं बादली रिकामी करतंय.’’

आजाही काही ओशाळला नाही. ‘‘तहानलं हुतं, पाजलं. त्यात काय?’’ आजूबाजूचे हसले. बाजाराला यात नवीन काहीच नव्हतं. पाणी पाजणारा आणि मनातल्या मनात ते वजा करणारा, दोघं कित्येक वर्षं त्याच मैदानात समोरासमोर उभे राहतात. कोण कुणाला फसवतं, ते ठरवायला मी गेलो नाही. मला फक्त त्या मुलीचं तोंड दिसत होतं. ती फीत बोटाला गुंडाळत होती, उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. खाली गुडघ्यावर बसलो आणि स्वतः फीत घातली. तेव्हा लक्षात आलं. बोकड नाचताना तिची फीत मागे सरकली होती, छाती सोडून पोटावर आली होती, आणि पोट तर टम्म. मी तेव्हा बघ्यांकडे तोंड करून सूत्र सांगत होतो, फितीकडे माझं लक्षच नव्हतं. कोपराच्या लगेच मागे, बोकड चारी पायांवर सरळ उभा असताना, घेर भरला २८. पोरांनी पुन्हा हिशेब केला. २८ गुणिले २८ गुणिले २६, भागिले ६६०. उत्तर ३०.९.

बापूंचे साडेतीस, आमचे ३०.९. पोरं एकदम गप्प झाली. मलाही वाक्य सुचायला वेळ लागला. छातीभोवती बरगड्यांचा पिंजरा असतो, तो बादलीभर पाण्याने फारसा फुगत नाही. पाणी जातं मागे, कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात. म्हणून नीट लावलेल्या फितीला ते कळत नाही, आणि काट्याला मात्र सगळंच कळतं, पाणीसुद्धा. आणि घेरातले दोन इंच म्हणजे नुसते दोन इंच नव्हेत, सूत्रात घेर दोनदा येतो. त्या दोन इंचांनीच साडेचार किलो वाढवले होते.

बोकड साडेबारा हजाराला गेला. टॉवेलाखाली काय झालं ते टॉवेलालाच माहीत. दहाला पाच मिनिटं असताना आम्ही शाळेत पोचलो. वाटेत ती मुलगी एक शब्द बोलली नाही. बाकीच्यांनी बापूंची नक्कल करत एकमेकांच्या पाठीवर तीन-तीन बोटं दाबली.

पुढच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी माझी एक शेळी शाळेत नेली, काटाही मागून नेला. कल्पना पोरांचीच. पाण्याआधी घेर २६, लांबी २४, काट्यावर साडेचोवीस. मग मापाने मोजून पाणी ठेवलं. शेळीने पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी प्यायलं. पुन्हा काटा, २६.२. पुन्हा फीत, घेर २६च. फीत त्या मुलीने लावली. या वेळी बघे नव्हते आणि शेळीही गरीब होती, तरी तिने तीनदा मोजलं.

वह्या तपासायला घरी आणल्या. उद्देश, साहित्य, कृती हे सगळ्यांचं सारखंच, एकमेकांचं बघून लिहिलेलं. तिच्या वहीत निरीक्षणाच्या रकान्यात मात्र बाजारातल्या बोकडाची एक वेगळी ओळ होती: ‘पाणी १ बादली, पहाटे ५ वाजता, मी पाजले.’ निष्कर्षाचा रकाना रिकामा. मी खाली सही केली. गुण अजून दिलेले नाहीत.