परदेशी मंडळीत वर्षभर सेवेला जाण्याआधी मिरजेतच शिकून घ्यायच्या गोष्टी

मिरज-सांगलीच्या मंडळ्यांतून, म्हणजे चर्चच्या ख्रिस्ती समुदायांतून, एखादा मुलगा किंवा मुलगी इंग्लंडच्या चर्चमध्ये वर्षभर सेवेला निघाली की निरोपाच्या प्रार्थनेत वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, 'प्रभू तुझ्या मुखी वचन देवो.' प्रार्थना मनापासूनची असते. पण पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभं राहण्याची वेळ वर्षात मोजकीच येते. चहाचं भांडं, चाव्यांचा जुडगा, माइकचे सेल आणि लहान मुलांची खोली मात्र दर आठवड्याला समोर असते. तिथल्या मंडळीचा विश्वास बसतो तो या कामांवरून. म्हणून तयारी याच कामांची करा, आणि ती इथेच करा.

आधी कागदपत्रं. बिनपगारी सेवेसाठी यूकेचा 'चॅरिटी वर्कर' व्हिसा असतो, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. त्यासाठी तिथल्या परवानाधारक संस्थेनं 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप'चा क्रमांक द्यावा लागतो. पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) सहीशिक्क्याचं निमंत्रणपत्र कितीही प्रेमानं लिहिलेलं असलं तरी त्याच्या जागी चालत नाही. परवानाधारक संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. बोलावणाऱ्या संस्थेचं नाव त्यात नसेल आणि मधला कुणी पैसे मागत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. क्रमांक मिळाला की तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा. खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दिसावे लागतात. संस्थेनं खर्चाची हमी घेतली असेल तर त्यातून सुटका होते. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर टीबीची तपासणी लागते, तीही ब्रिटिश सरकारनं मान्य केलेल्या केंद्रातलीच. मिरज दवाखान्यांचं गाव आहे खरं, पण म्हणून इथला कुठलाही एक्स-रे चालेल असं नाही. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याच्या दाखल्याचा, अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून होतो. तिथली मंडळी मुलांमध्ये काम देण्याआधी ते मागते. पासपोर्टवरचा पत्ता मिरजेचा आणि राहणं पुण्याच्या हॉस्टेलवर असेल तर पडताळणीला वेळ जातो, म्हणून हे काम पहिल्यांदा हाती घ्या.

आता लहान मुलांची खोली. आपल्या तरुणांची सगळ्यात मोठी अडचण इथे होते, आणि ती प्रेमापोटीच होते. आपल्याकडे शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, आलेल्या पोराचा गालगुच्चा घेतो, कडेवर उचलतो, खिशातली गोळी देतो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो. तिथे यातलं काहीही चालत नाही. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं हवीत, आणि ती शक्यतो एकमेकांच्या नात्यातली नसावीत. एकाला बाहेर जावं लागलं तर दुसऱ्यानं दार उघडं ठेवायचं आणि तिसऱ्याला हाक मारायची. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय फोटो नाही. अठराच्या आतल्या मुलाशी खासगी व्हॉट्सॲप नाही, अगदी वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा नाहीत. एखाद्या मुलानं घरातलं काही दुखरं सांगितलं तर शांतपणे ऐका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहा आणि त्याच दिवशी बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे द्या. हा संशयाचा कारभार नाही, मुलांची राखण आहे. खरं तर आपल्या शब्बाथशाळांतही हे नियम आजपासून लागू व्हायला हवेत. तीन महिने इथे पाळले की तिथे अंगवळणी पडलेले असतात.

रविवारचा चहा हे वेगळंच शास्त्र आहे. उपासना साडेदहाला सुरू होऊन साडेअकराला संपत असेल, तर चहाचं पाणी उपासना चालू असतानाच तापायला लागतं. २० लिटरचं, ३ किलोवॉटचं विजेचं भांडं तिथल्या थंड पाण्यापासून उकळीपर्यंत यायला चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं घेतं. म्हणजे पावणे अकराला बटण दाबलेलं हवं, पहिल्या गीताच्या सुमारास. ६० कपांना साधारण १२ लिटर पाणी जातं, उरलेलं दुसऱ्या कपासाठी. पाणी न भरता बटण दाबलं तर सुरक्षेचा कटआउट पडतो आणि भांडं गार होईपर्यंत परत चालू होत नाही. त्याहून नेहमीची चूक म्हणजे दोन भांडी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावणं. तिथल्या प्लगमध्ये जास्तीत जास्त १३ अँपिअरचा फ्यूज असतो, आणि ३ किलोवॉटचं एकच भांडं तेवढा प्रवाह एकटं खातं. दुसरं लावलं की फ्यूज जाणार. दोन्ही भांडी भिंतीवरच्या वेगवेगळ्या सॉकेटला लावा.

चहा आपल्यासारखा दूध-साखर-आलं घालून उकळत नाहीत. मोठ्या किटलीत पिशव्या, वरून उकळतं पाणी, चार मिनिटं झाकण. दूध थंडच, वेगळ्या जगमध्ये. ६० जणांना ४ पिंटची, म्हणजे २.२७ लिटरची एक बाटली पुरते. ओट किंवा सोयाच्या दुधाचा जग निराळा ठेवायचा आणि त्यावर चिठ्ठी लावायची. ज्यांना एकट्याला घरी कंटाळा येतो अशी म्हातारी माणसं या चहासाठीच थांबतात. कप हातात देताना नाव घेऊन बोललात तर तीही सेवाच आहे.

'तुमच्याकडचं काहीतरी खाऊ घाल ना,' अशी मागणी एकदा तरी होतेच. तेव्हा सांगलीचा भडंग आठवतो, पोहे आठवतात. यूकेच्या कायद्यात ॲलर्जी आणणाऱ्या १४ घटकांची यादी आहे, आणि आपलं निम्मं स्वयंपाकघर त्यात बसतं. शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, दूध आहे, गहू आहे. मोहरीही आहे, म्हणजे आपली साधी फोडणीच यादीत आली. हिंगाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पोह्यांत गहू नाही असं समजून तुम्ही 'ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) नाही' सांगता, आणि चिमूटभर हिंगानं सीलिॲकच्या, म्हणजे ग्लुटेन न सोसणाऱ्या, रुग्णाला त्रास होतो. डबीवरचे घटक वाचा, पदार्थासमोर कार्ड ठेवा: शेंगदाणे, मोहरी, गहू. भडंगाचा चमचा दुसऱ्या भांड्यात जाऊ देऊ नका. एक कार्ड इथूनच मराठी-इंग्रजीत लिहून न्या. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र बॅगेत घालू नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. सांगलीची हळद आणि बेदाणे खुशाल न्या.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, ताटातही हाच विचार असतो. ग्लुटेन नसलेल्या भाकरीचे तुकडे वेगळ्या बशीत ठेवतात. नेहमीच्या भाकरीला लागलेला हात त्या बशीला लावायचा नाही, म्हणून ती बशी आधी मांडायची.

अन्नवाटपाच्या दिवशी तारखा नीट वाचा. 'यूज बाय' उलटलेली वस्तू कुणालाही द्यायची नाही. 'बेस्ट बिफोर' उलटलेली वस्तू खाण्याजोगी असू शकते. देण्याघेण्याचा निर्णय तिथल्या नियमाप्रमाणे. दानपेटी उघडताना दोघांनी मिळून मोजायची आणि दोघांनी सही करायची, रक्कम पाच पौंड असली तरी.

ध्वनिव्यवस्थेत फार शिकावं लागत नाही. बिनतारी माइकमध्ये दर रविवारी नवे सेल घाला. जुने सेल नेमके उपदेशाच्या मध्यावर मान टाकतात. शिट्टी वाजली तर माइक स्पीकरच्या तोंडासमोर आलाय का ते बघा आणि आवाज खाली घ्या. पडद्यावर गीताचे शब्द दाखवायला कॉपीराइट परवाना लागतो, त्याचा क्रमांक स्लाइडवर असतो. तो खोडू नका.

घड्याळाचं मात्र वहीत लिहून ठेवा. हिवाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. आईला रात्री आठला फोन हवा असेल तर जानेवारीत तिथे दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि जुलैमध्ये साडेतीन. हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे होतो, म्हणजे नेमका उपासनेच्या दिवशी. फोन आपोआप वेळ बदलतो, पण चर्चच्या हीटिंगचा जुना टायमर बदलत नाही. दगडी इमारत तापायला काही तास लागतात. मार्चमधल्या त्या रविवारी सहाला लावलेली हीटिंग नव्या वेळेनं सातला सुरू होते, आणि साडेदहाला म्हातारी माणसं कोट घालून कुडकुडत बसतात. आदल्या शनिवारी रात्री चर्चमध्ये जाऊन टायमर एक तास पुढे करा, आणि मगच झोपा.