भीमाची दाढ

गोव्यात डिचोलीत माझं दातांचं क्लिनिक आहे. परवा धो धो पावसात, जेवायच्या वेळेलाच, सत्तरी तालुक्यातला एक पोरगा आला, निथळतोय नुसता, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून म्हणाला, "दोतोर, हें मात्शें पळयात." आत एक पिवळट दाढ. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या मागे डोंगरात गुहा आहे म्हणे, रांगत जावं लागतं, तिथे हाडांच्या ढिगात मिळाली. "आदिमानवाची असणार ना?"

खुर्चीत रूट कॅनलवाले आजोबा, अर्धा जबडा बधिर, तरी बोलले, "हरवळ्याला पांडवांच्या गुहा आहेत ना, मग ही भीमाची."

खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मीपण हवेतच होते. वर सपाट झिजलेले गोल उंचवटे, अगदी आपल्या दाढेसारखे! डोक्यात लगेच दक्षिण आफ्रिकेतली रायझिंग स्टार गुहा, २०१३ साली जेमतेम १८ सेंमीच्या फटीतून बारीक अंगाचे लोक आत उतरले आणि होमो नालेदी नावाच्या आदिमानवाच्या हाडांचे १५०० च्या वर तुकडे वर आणले, दातसुद्धा ढिगाने.

मग पट्टी लावली. १७ मिमी! आपली दाढ साधारण ११. उलटी केली तर मुळं चार, आणि माणसाला खालच्या दाढेला बहुतेक दोन, वरच्याला तीन. रानडुक्कर!

आता हसू नका, डुकराची झिजलेली दाढ भल्याभल्यांना फसवते. १९२२ मध्ये ऑस्बॉर्नसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने नेब्रास्कातल्या एका दाढेवरून अमेरिकेतला पहिला मानवसदृश वानर जाहीर केला, आणि ती निघाली पेकरीची, म्हणजे डुकराच्या लांबच्या भावकीतल्या प्राण्याची. १९२७ मध्ये सगळं मागे घ्यावं लागलं.

पोराचं तोंड एवढंसं झालं. हाडं कुरतडल्यासारखी होती का विचारलं तर हो म्हणाला. म्हणजे ती गुहा साळिंदराचं बीळ असणार, साळिंदर हाडं गोळा करून कुरतडत बसतं. शिवाय आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात हा पाऊस, जुनं हाड विरघळून जातं. नालेदीची गुहा डोलोमाइटची, म्हणजे चुनखडीसारख्या दगडाची, म्हणून तिथे हाडं टिकली.

एवढं सगळं ऐकून आजोबांनी चूळ भरली आणि म्हणाले, "बरं, मग डुक्कर तरी पांडवांच्या वेळचं असेल."